थेंबे थेंबे तेल गळे

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडपाठ आहे. पण जे तळे थेंबाथेंबाने साचते, ते थेंबाथेंबाने आटतेही. ही दुसरी बाजू आम्हाला एका ट्रॅक्टरने शिकवली. तीच हकिकत आज सांगतो. आणि तिच्यातून आम्ही जे काम शिकलो, तेही सांगतो.

आमचे गाव कुंडल. जिल्हा सांगली. शिवारात जिकडे पाहावे तिकडे ऊस. गावातच क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. हंगाम लागला की रस्त्यावर ट्रॅक्टरांची रीघ लागते. एका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. दिवस नाही, रात्र नाही.

आमच्या शेजारी आण्णांचे घर आहे. त्यांचा थोरला मुलगा आमचा जुना विद्यार्थी. त्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला आणि ऊस वाहतुकीला लावला. ऊसतोडणीच्या टोळीला उचलही दिली. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी त्याची आई एक दिवस आम्हाला म्हणाली, "गुरुजी, मी रोज अंगण सारवते, आन् रोज सकाळी तिथं तेलाचा डाग पडलेला असतो. पोरगं माझं ऐकत न्हाई. तुम्ही तरी सांगा."

आम्ही जाऊन पाहिले. ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या खाली, एक नळी ओली दिसत होती. तिच्यावर मुलाने सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तार आवळली होती. "काय न्हाई हो गुरुजी," तो म्हणाला. "थेंब-थेंब तर गळतंय. हंगाम संपला की बघतो."

त्या वेळी आम्ही काय म्हणालो, हे सांगायला आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, "बरं तर. चालतंय तोवर चालू दे. हंगाम मोडू नकोस."

पुढे पंधराच दिवस गेले. एका संध्याकाळी भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चढावर उभा राहिला. गिअर पडेना. जळका वास येऊ लागला. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उघडला. आतले बेअरिंग फुटले होते आणि गिअरचे दाते उष्णतेने निळे पडले होते. तेल जवळजवळ संपले होते. ट्रॅक्टर तीन आठवडे जागेवर उभा राहिला. टोळी बसून राहिली, कर्जाचा हप्ता थकला. शंभर-दोनशे रुपयांच्या रबरी नळीने त्या घराचा सगळा हंगाम खाल्ला.

मुलगा आम्हाला एक शब्दही बोलला नाही. पण सल्ला आमचा होता. चाळीस वर्षे आम्ही मुलांना 'वेळेवर एक टाका' शिकवला, आणि वेळ आली तेव्हा आम्हीच उलटे सांगितले. म्हणून मग आम्ही हे काम समजून घ्यायचे ठरवले.

नळीचे काम काय?

ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये तेल असते. ते इंजिनाच्या तेलापेक्षा वेगळे. गिअरचे लोखंडी दाते एकमेकांवर घासतात. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, म्हणून ते झिजत नाहीत. पुष्कळ ट्रॅक्टरांत हेच तेल नांगर वर उचलायच्या लिफ्टला लागते. ज्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांचे ब्रेकही याच तेलात चालतात. एक तेल, आणि तीन-तीन कामे.

काम करता करता हे तेल तापते. फार तापलेले तेल पाण्यासारखे पातळ होते आणि त्याची ताकद जाते. म्हणून बऱ्याच ट्रॅक्टरांत रेडिएटरच्या पुढे एक लहान जाळी बसवलेली असते. तिला ऑइल कूलर म्हणतात. एक नळी तापलेले तेल कूलरमध्ये नेते. पंख्याच्या वाऱ्याने ते निवते. दुसरी नळी ते निवलेले तेल परत मागे आणते. आता गावात आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारगाड्याही दिसतात. त्यांच्यातही अशाच दोन नळ्या असतात.

या नळ्या बहुतेक लोखंडी असतात. जिथे इंजिनाचा हादरा बसतो, तिथे मध्ये रबरी तुकडा असतो. नळी चार ठिकाणी गळते. रबर कडक होऊन चिरते. क्लिप सैल पडते. जोडाच्या नटातील वॉशर किंवा रबरी कडी दबून जाते. आणि लोखंडी नळी कशाला तरी घासून किंवा गंजून बारीक भोक पडते.

आता थेंबाचा हिशेब करा. पाटी नसली तर बोटांवर करा. समजा, इंजिन चालू असताना दर सेकंदाला एक थेंब गळतो. एका तासाचे सेकंद ३६००. म्हणजे थेंब ३६००. वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर तासाला १८० मिलिलिटर तेल गेले. दिवसाला दहा तास ट्रॅक्टर चालला, तर १८०० मिलिलिटर, म्हणजे पावणेदोन लिटरांहून जास्त. दहा दिवसांत १८ लिटर. गिअरबॉक्समध्ये ४० लिटर तेल बसत असेल, तर दहा दिवसांत जवळजवळ निम्मे तेल रस्त्यावर सांडले. आम्ही गणित शिकवीत होतो, पण हे गणित वेळेवर मांडले नाही.

वाडीचा वारसा

आमच्या गावाजवळच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईला तांत्रिक शाळेत शिकवीत. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर जागा दिली. तिथे कारखाना उभा राहिला आणि वाडी वसली. पुढे स्टेशनलाही तेच नाव पडले. तेव्हापासून आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत पाना आणि कानस ही विळ्या-खुरप्याइतकीच ओळखीची आहेत.

अशाच एका वयस्क मिस्त्रींकडे आम्ही गेलो. पुढच्या हंगामात त्याच ट्रॅक्टरची दुसरी नळी ओली दिसू लागली होती. या वेळी आईने सांगितल्याबरोबर मुलाने ट्रॅक्टर थांबवला. मिस्त्री आले. म्हणाले, "मी हात लावणार नाही. मी सांगतो, पोरगं करू दे. गुरुजी, तुम्ही बॅटरी धरा." आम्ही बॅटरी धरली. त्या दिवशी जे ऐकले आणि पाहिले, ते आता क्रमाने सांगतो.

आधी हे तेल कुठले ते ओळखा

ट्रॅक्टरखाली रात्रभर एक पांढरा पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग पाहा. काळे तेल असेल तर ते बहुधा इंजिनाचे. पातळ असून डिझेलचा वास येत असेल तर ते डिझेल. हिरवे किंवा गुलाबी पाण्यासारखे असेल तर ते रेडिएटरचे. मधासारख्या रंगाचे, बोटांना बुळबुळीत लागणारे तेल असेल तर ते गिअरबॉक्सचे किंवा लिफ्टचे. तेल दुधासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. मग नळी बदलून भागणार नाही. मिस्त्रीला बोलवा.

मग गळतीची जागा शोधा

डाग जिथे पडतो, तिथेच गळती असते असे नाही. तेल नळीवरून खाली ओघळते. पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते. म्हणून सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची ओली जागा शोधायची.

त्यासाठी इंजिन थंड असताना नळ्या साबणाच्या पाण्याने धुवा. कोरड्या फडक्याने पुसा. पूर्ण वाळू द्या. मग नळीवर अंगाला लावायची पावडर भुरभुरवा. इंजिन दहा मिनिटे चालू ठेवा आणि बंद करा. पावडर जिथे पहिल्यांदा भिजली, तीच गळतीची जागा. आमच्या ट्रॅक्टरची पावडर रबरी तुकड्याच्या टोकाशी, क्लिपच्या बाजूला भिजली. सायकलची ट्यूब मागच्या वर्षी भलत्याच जागी बांधली होती, हेही त्या दिवशी कळले.

एक गोष्ट जिवाची आहे. ती नीट वाचा आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा. इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नका. लिफ्टच्या नळीतला दाब मागच्या मोठ्या चाकातल्या हवेच्या दाबाच्या शंभर पटीच्या आसपास असतो. सुईएवढ्या भोकातून आलेली तेलाची चिळकांडी कातडीतून आत शिरते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखे दिसते. फारसे दुखतही नाही. पण तेल आत मांस नासवते. वेळ झाला तर बोट, हातसुद्धा कापावा लागतो. असे झाले तर हळद लावत बसू नका. तसेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "दाबाचं तेल आत गेलंय." बारीक चिळकांडी शोधायची असेल तर लांबूनच पुठ्ठा धरा. पुठ्ठ्यावर तेल दिसेल.

कोणती नळी घरी करावी?

कूलरच्या दोन नळ्यांतला दाब लिफ्टच्या मानाने पुष्कळ कमी असतो. त्यांचा क्लिपने बसवलेला रबरी तुकडा, क्लिप, आणि जोडातला वॉशर हे घरी बदलता येते. लिफ्टच्या आणि स्टिअरिंगच्या दाबाच्या नळ्या घरी करू नयेत. त्यांच्या टोकांना लोखंडी टोप्या यंत्राने दाबून बसवलेल्या असतात. तशी नळी दुकानातून तयार करून आणावी लागते. कोणती नळी कोणती, हे कळत नसेल तर हात लावू नका. विचारण्यात कमीपणा नाही.

आता दुरुस्ती

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा. ब्रेक लावा. चाकांना दगड लावा. मागे अवजार असेल तर ते जमिनीवर टेकवा. तेल निवेपर्यंत थांबा. गरम तेलाने हात भाजतो.

नळीखाली स्वच्छ घमेले ठेवा. जोडाच्या आजूबाजूची माती आधी पुसून काढा. मिस्त्री म्हणाले, "तेल सांडलं तर विकत मिळतं. आत गेलेला खडा मात्र गिअर खाऊनच बाहेर येतो." नळी सुटली की तिच्या दोन्ही तोंडांना स्वच्छ प्लास्टिक बांधा. चिंधी आत कोंबू नका. तिचे दोरे आत राहतात.

रबरी तुकडा बदलायचा असेल तर जुना तुकडा बरोबर घेऊन दुकानात जा. आतली जाडी आणि लांबी तीच हवी. आणि नळी तेलाचीच मागा. पाण्याची नळी चालत नाही. गॅसची नळीही चालत नाही. गरम तेलाने ती काही दिवसांत फुगते, मऊ पडते आणि निसटते. तेलाच्या नळीवर तसे छापलेले असते. वाचून घ्या.

लोखंडी नळीच्या टोकाला एक उंचवटा असतो. नवा तुकडा धारदार चाकूने सरळ कापा. नळीच्या टोकाला थोडे स्वच्छ तेल लावून तुकडा उंचवट्याच्या पलीकडे, इंचभर तरी आत सरकवा. नवी क्लिप उंचवट्याच्या मागे बसवा. उंचवट्यावर नको, अगदी काठावरही नको. क्लिप घट्ट करा, पण रबर कापेल इतकी आवळू नका.

नटाचा जोड गळत असेल तर दोन पाने घ्या. एका पान्याने मागचा भाग धरून ठेवायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर नळीच पिळवटते, आणि एका गळतीच्या दोन होतात. आतला तांब्याचा वॉशर किंवा रबरी कडी नवी घाला. जुनी उलटी करून घालू नका. नट आधी हाताने फिरवा. सरळ बसला की मग पाना लावा.

लोखंडी नळीला भोक पडले असेल तर नवी नळी आणणे हेच खरे औषध. चिकटवायची लांबी, साबण, सायकलची ट्यूब हे उपाय फार तर ट्रॅक्टर घरी आणण्यापुरते. गाडीवर असतानाच नळीला वेल्डिंग करू नका. आत तेल असते, ते पेट घेते. शिवाय जळका कचरा आत राहतो.

नळी पुन्हा कशाला घासते का, ते पाहा. जिथे घासते तिथे जाड रबराचा तुकडा घालून ती क्लिपने पक्की करा. सायलेन्सरपासून ती लांब ठेवा. त्या घासण्यामुळेच तर भोक पडलेले असते. कारण तसेच ठेवले, तर नवी नळीही वर्षभरात जाईल.

डब्यावर काय लिहिले आहे?

नळी बसली. आता गेलेले तेल भरायचे होते. मुलाने घरातला एक डबा आणला आणि नरसाळे लावले. इतक्यात आण्णा म्हणाले, "थांब. जरा वाचू दे."

आण्णांचे वय साठीच्या पुढे. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नव्हते. दोन हिवाळे ते आमच्या रात्रीच्या वर्गाला येत होते. त्यांनी डबा उजेडात धरला. एकेक अक्षर जोडत वाचले, "इं... जि... न... ऑ... इल." मग म्हणाले, "हे इंजिनाचं हाय. हे इथं नगं."

मुलगा ओशाळला. डबा चुकीचा होता. ट्रॅक्टरबरोबर मिळालेली पुस्तिका पेटीत पडून होती. ती काढली. तिच्यात गिअरबॉक्ससाठी कोणते तेल आणि किती, हे छापलेले होते. तेच तेल दुकानातून आणले. सगळी तेले दिसायला सारखीच, पण कामाला सारखी नसतात.

तेल थोडे थोडे घाला. मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन्हींच्या मध्ये हवे. इंजिन सावकाश पाच मिनिटे चालवा. लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा, म्हणजे नळीतली हवा निघून जाईल. इंजिन बंद करून जोड पाहा. पट्टी पुन्हा पाहा. कमी असेल तर तेल घाला. एक दिवस काम झाले की क्लिप पुन्हा एकदा तपासा. नवे रबर थोडे दबते आणि क्लिप सैल पडते.

घमेल्यातले घाण तेल विहिरीकडे, ओढ्याकडे किंवा बांधावर ओतू नका. पाण्यावर तेलाचा तवंग चटकन पसरतो. ते पाणी मग ना जनावराला चालते, ना माणसाला. तेल जुन्या डब्यात भरून ठेवा आणि जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्या. तेलाची फडकी चुलीजवळ ठेवू नका.

शेवटचे दोन शब्द

सगळे काम दुपारपर्यंत झाले. रात्री ट्रॅक्टर पुन्हा ऊस घेऊन गेला. तो हंगाम पुरा झाला.

आता तिथे एक चाल पडली आहे. आई सकाळी अंगण झाडते आणि ट्रॅक्टरखाली पाहते. डाग नसला तर मुलाला "जा" म्हणते. डाग असला तर "थांब" म्हणते. मुलगाही मुकाट्याने थांबतो. आण्णा आठवड्याला एकदा तेलाची पट्टी पाहतात आणि एका वहीत तारीख घालून लिहून ठेवतात. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते.

तुमच्याही दारात ट्रॅक्टर असेल, नाहीतर शेजाऱ्याचा असेल. उद्या सकाळी त्याच्याखाली एकदा वाकून पाहा. डाग दिसला, तर आम्ही त्या दिवशी जे बोललो, ते तुम्ही बोलू नका.